गप्प मिनिट

दृश्य एक. टेक एक.

"सगळे गप्प!"

"मी गप्पच आहे."

"ढोल, ‘मी गप्पच आहे’ असं म्हणणारा माणूस गप्प नसतो!"

कट.

दृश्य एक. टेक दोन.

"आता कोण बोललं?" मुंगीनं हेडफोन कानावरून सरकवत विचारलं.

"माझं पोट," ढोल म्हणाला. "त्याला मराठी कळतं. पण ते ऐकत नाही!"

कट.

दृश्य एक. टेक तीन.

जमलं एकदाचं!

सुट्टीत सिनेमा शिकायला परदेशी आलेल्या या तिघांना सरांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. जिथं चित्रण कराल तिथं काम संपल्यावर मिनिटभर सगळ्यांनी चिडीचूप उभं राहायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा. "रिकामी खोलीसुद्धा काहीतरी बोलत असते," सर म्हणाले होते. "नंतर बोलण्यातले तुकडे जोडताना मधल्या फटीत त्याच खोलीची शांतता भरायची. दुसरीकडची भरलीत, तर कपड्याला भलत्याच रंगाचं ठिगळ लावल्यासारखं होतं!"

सर त्याला मोठं नाव वापरायचे. मुलांनी त्याचं नाव ठेवलं गप्प मिनिट.

मुंगी चणीनं एवढीशी, आणि हातात कायम स्वतःहून मोठी वस्तू. इथं ती वस्तू म्हणजे लांब दांडीचा माइक. ढोल तिचा मावसभाऊ. त्याला ढोल का म्हणत, ते वर आलंच आहे. कॅमेरा चष्मीकडे. ती चष्मा काढला की आंधळी, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला की घार!

चौथी होती शिट्टी. ती इथलीच. तिला मराठी येत नव्हतं आणि यांना तिची भाषा येत नव्हती, म्हणून ती शिट्ट्यांत बोलायची. एक शिट्टी म्हणजे ‘या’. दोन म्हणजे ‘पळा’. लांबलचक म्हणजे ‘ढोलनं पुन्हा बिस्किटांचा डबा उघडला’. मराठी तिनं दोनच गोष्टींपुरतं उचललं होतं. "गप रे ढोल!" आणि "कट!"

मुक्काम शिट्टीच्या आजीकडे होता. खाली आजीची लॉन्ड्री, वर घर. लॉन्ड्रीतल्या धुलाई यंत्राचं मोठं पिंप दिवसभर गरगरायचं, त्यामुळे वरच्या खोलीची जमीन हलायची. धब्... धब्... धब्... आणि फळीवरचे कप किणकिणायचे. आजीला ते आता ऐकूच येत नसे. मुंगीच्या हेडफोनमध्ये मात्र ती खोली अशी वाजायची, की हजार खोल्यांत ओळखावी.

यांच्या फिल्मचा विषय आजीच होती. चादरींच्या घड्या घालत, शिट्टीच्या प्रश्नांना उत्तरं देत आजी खूप बोलली. बोलता बोलता एकदा डोळे पुसले, आणि त्याच चादरीला पुसले म्हणून ती चादर पुन्हा पिंपात टाकली! दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात एक कुजकं कपाट फोडायचं होतं, तेही मुलांनी टिपलं. आजी ओरडत होती, शिट्टी हसत होती, ढोल झोपाळ्यावर बसून सूचना देत होता.

संध्याकाळी मुंगीनं सगळ्या आवाजाची एक प्रत सरांच्या हातात दिली. "शाब्बास!" सर म्हणाले. "जोडायचं काम इथले लोक करतील. घरमालकांनी खास माणूस लावलाय."

घरमालक म्हणजे आजीच्या आणि शेजारच्या सगळ्या इमारतींचे मालक. मुलांची विमानाची तिकिटंही त्यांनीच काढली होती. गोड माणूस! भेटला की गोळ्या वाटायचा.

दृश्य दोन. टेक एक. दुसरा टेक झालाच नाही.

गावासमोर फिल्म दाखवायचा समारंभ होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तयार फिल्म सभागृहात दाखवली. खाली मराठी ओळी येत होत्या. मुलं, शिट्टी, सर आणि दुभाषी ताई एवढीच माणसं. ताई लग्न होऊन इथं आलेली. तिच्या मराठीला अजून माहेरचा सूर होता.

पडद्यावर आजी चादर घडी करत होती. धब्, धब्, किणकिण. मग निवेदकाचा भारदस्त आवाज आला. खाली ओळ उमटली, ‘ही जुनी इमारत पाडायची आहे. आजींना काय वाटतं?’

पडद्यावर आजीचे फक्त हात. आणि आजीचा आवाज. खाली ओळ आली, ‘आनंदानं! कधीचीच वेळ झाली होती. फोडून टाका!’

खुर्ची धाडकन मिटली. शिट्टी उठली होती. तिनं तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि ती पळत बाहेर गेली.

"हिला काय झालं?" ढोल म्हणाला.

मुंगीचं लक्ष नव्हतं. तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते. "सर, मागे घ्या ना! तेवढं वाक्य पुन्हा!"

धब्, धब्, किणकिण. आनंदानं! कर्र... कर्र... फोडून टाका! धब्, धब्.

"पिंप थांबलं," मुंगी म्हणाली. "फक्त त्या वाक्यापुरतं थांबलं आणि परत सुरू झालं! आणि मध्ये ते कर्र कर्र काय आहे?"

ढोलचा चेहरा उतरला. "मुंगे... तो मी आहे. अंगणातला झोपाळा!"

"म्हणूनच नुसते हात दाखवलेत," चष्मी हळूच म्हणाली. "ओठ दिसू नयेत म्हणून!"

दृश्य तीन. टेक एक. (असं व्हायला हवं होतं.)

सर म्हणाले, "बाप रे! ही तर लबाडी! आत्ताच्या आत्ता दुरुस्त करू!"

दृश्य तीन. टेक दोन. (असं झालं.)

सर म्हणाले, "खोलीत धबधब फार होती गं. अंगणातला आवाज स्वच्छ, म्हणून घेतला असेल."

"पण आजी कपाटाबद्दल बोलत होत्या, सर! इमारतीबद्दल नाही!"

"तुला त्यांची भाषा येते?"

"मला झोपाळा येतो!"

सरांनी खिशातून गोळी काढली, बघितली, परत ठेवली. "हे बघ, आपण पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या भांड्यात डोकावू नये. दोन दिवसांनी आपण आपल्या घरी जाणार आहोत."

"आणि आजी कुठं जाणार?" मुंगीनं विचारलं.

सरांना एकदम कुणालातरी फोन करायचं आठवलं.

ताईनं अंगणातला मूळ आवाज ऐकला आणि डोक्याला हात लावला. "अगं, शिट्टी विचारतेय, ‘आजी, हे सडकं कपाट फोडू का?’ त्याचं उत्तर आहे हे!" मग तिनं उरलेलं सांगितलं. उद्या फिल्म संपली की गावातली माणसं तिथंच हात वर करून ठरवणार होती, की इमारती पाडायच्या की ठेवायच्या.

दृश्य चार.

घरी दार आजीनंच उघडलं. शिट्टीनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. ताईला मध्ये घालून मुंगी धापा टाकत सांगत राहिली, आम्ही नाही केलं, आवाज चोरला, झोपाळा, पिंप...

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती चार शब्द बोलली. ताईनं ते मान खाली घालून मराठीत आणले.

"आजी म्हणतात, उद्या सगळं गाव माझा आवाज ऐकेल. तुझा खुलासा कोण ऐकणार?"

आजीनं तिघांना वाढलं. नेहमीसारखंच, पोटभर. फक्त कुणी बोललं नाही. ढोलचं पोटसुद्धा नाही. शिट्टी भिंतीकडे तोंड करून जेवली.

धब्, धब्, किणकिण.

आणि तेवढ्यात मुंगीनं चमचा खाली ठेवला. "खुलासा करायचाच नाही," ती ढोलच्या कानात म्हणाली. "त्यांनाच ऐकायला लावायचं!"

दृश्य पाच. टेक एक.

"प्रात्यक्षिक? फिल्मच्या आधी?" सर खूश झाले. "तू सगळ्यांना गप्प मिनिट समजावणार? वा! पाहुण्यांना आवडेल! मी शिकवलेली युक्ती आहे ती, हे सांग हं!"

"सांगते, सर."

"आणि त्या खुळ्या झोपाळ्याचा विषय नको."

"मी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, सर," मुंगी म्हणाली, आणि तिनं ते वचन शेवटपर्यंत पाळलं.

सभागृह खचाखच भरलं होतं. पुढं नगराध्यक्षबाई, शेजारी घरमालक, मागं गाव. शेवटच्या रांगेत आजी आणि शिट्टी, उठून जायला सोपं पडेल अशा बसलेल्या.

मुंगी मंचावर गेली. माइक तिच्या डोक्यावरून जात होता. ढोलनं तो खाली ओढला आणि लोक हसले.

"आपण एक खेळ खेळू," ती म्हणाली. ताई शेजारी उभी राहून सांगत होती. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं आमच्या सरांनी शिकवलं." सरांनी मान डोलावली. "ही ऐका."

धब्... धब्... किणकिण...

मागून कुणीतरी खुदकन हसलं. लॉन्ड्री! सगळं गाव तिथं कपडे देत होतं. पिंप कुणाला माहीत नव्हतं!

"आता फिल्म लावते. ऐकता ऐकता खोली बदलली असं वाटलं, की लगेच हात वर करायचा. जो पहिला, तो हुशार!"

घरमालकांनी हसत टाळी वाजवली. खेळ त्यांनाही आवडला होता.

फिल्म सुरू झाली. पडद्यावर रस्ता आला, भराभर हात वर! लॉन्ड्री आली, पुन्हा हात! पोरंटोरं बाकांवर उभी राहिली. चादर, आजी, धब्, धब्. हात खाली. निवेदकानं प्रश्न विचारला. आणि...

आनंदानं! कर्र...

सगळ्या सभागृहाचे हात वर गेले.

पडद्यावर खोली तीच होती. हात तेच, चादर तीच. लोक हात वर धरून एकमेकांकडे बघत राहिले. खोली बदललीच नव्हती, मग आपण हात का वर केला? नगराध्यक्षबाईंचाही हात वर होता. फक्त एकच माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि तो आता गोळ्या वाटण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

मुंगीनं फिल्म थांबवली. एक अक्षर न बोलता तिनं अंगणातला आवाज लावला. अख्खा. शिट्टीचा प्रश्न, आजीचं उत्तर, कुऱ्हाडीचा घाव, आणि शेवटी ढोलची मराठी आरोळी, "अरे जपून, माझ्या पायावर पडेल!"

गाव आधी हसलं. मग हसणं रांगेरांगेनं विझत गेलं.

दृश्य सहा.

इमारती पाडाव्यात म्हणून नंतर जे हात वर झाले, ते घरमालकांच्या रांगेतलेच होते. यंदा तरी लॉन्ड्री वाचली. "पुढं बघू," असं बाहेर पडता पडता घरमालक कुणालातरी म्हणाले.

नगराध्यक्षबाईंनी मुंगीला जवळ घेतलं. "असे कान आमच्या मोठ्यांना हवे होते!" त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी आणून ठेवलेला चषक त्यांनी तिच्या हातात दिला. त्यावर कोरलं होतं, ‘उत्कृष्ट ध्वनी’. फोटो निघाले. सर प्रत्येक फोटोत होते.

"मीच शिकवलंय तिला!" ते सगळ्यांना सांगत होते. "मला पहिल्यापासून शंका होतीच!"

"शंकेला बोलता येत नव्हतं वाटतं," चष्मी पुटपुटली.

दृश्य सात. शेवटचं.

निघायच्या सकाळी आजीनं तिघांचे कपडे आणून ठेवले. धुतलेले, इस्त्री केलेले, ढोलच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लावलेलं. मुंगीला वाटलं, मिटलं सगळं, आता शिट्टी पुन्हा शिट्टी वाजवेल.

आजीनं मुंगीच्या गळ्यातल्या ध्वनिमुद्रकाकडे बोट केलं आणि ताईकडे वळून सावकाश बोलली.

"आजी म्हणतात, तुझे कान चांगले आहेत, पोरी. तू नसतीस तर मी आज सामान बांधत असते." ताई थांबली. "पण माझा आवाज मला न विचारताच सगळ्या गावात वाजला. आता तो माझ्याकडेच राहू दे. सगळं पुसून टाक."

"सगळं?"

"सगळं."

"गप्प मिनिटसुद्धा? त्यात तर कुणी बोलतच नाही!"

आजीला ताईनं विचारलं. आजीनं खोलीभर नजर फिरवली. जमीन, फळी, कप.

"ते आधी," ताई म्हणाली.

मुंगीनं बटण दाबलं. पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. ढोल खिडकीबाहेर बघत होता आणि खरोखर गप्प होता.

दारात शिट्टी उभी होती. मुंगी तिच्यासमोर थांबली. चषक हातात होता, तो तिनं पाठीमागं लपवला. खाली बस आली होती. सर हाका मारत होते. "चला, कलाकार, चला!"

शिट्टीनं ओठांचा चंबू केला. मुंगीनं श्वास रोखला. एक वाजव. दोन वाजव. काहीही वाजव!

शिट्टीचे ओठ पुन्हा सरळ झाले.

"कट," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.