शेवटच्या सायकलीची शिट्टी

रेणापूरहून निघताना अश्वजितच्या सायकलीला ब्रेकचे नवे रबर बसवलेले होते. देगलूरला पोचेपर्यंत ते पार झिजले. वाटेत सांगण्यासारखा एकही घाट नव्हता.

धम्मप्रियाची आणि त्याची पहिली गाठ पडली ती रेणा नदीच्या पुलावर. ती नांदेडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. नद्यांच्या खोऱ्यांतून आणि औशाकडच्या द्राक्षबागांतून रमतगमत जाणाऱ्या सायकलस्वारांच्या गटात तिने यंदा प्रथमच नाव दिले होते. वाटेतल्या प्रत्येक नदीचे पाणी तपासायला न्यायचे, असे तिने ठरवले होते. बाटली भरून ती पुलावर आली तेव्हा बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते. कठड्याला टेकून एक उंच तरुण निवांत शेंगा फोडत होता. त्याच्या गळ्यात पितळी शिट्टी होती.

“तुम्ही व्हा ना पुढं,” ती म्हणाली.

“न्हाई होता येत, मॅडम. मी शेपूट हाय.”

“काय?”

“शिट्टी ज्याच्या गळ्यात तो शेपूट. त्यानं सगळ्यांच्या मागं राहायचं, पंक्चर काढून द्यायचं, अन् कुणालाच ओलांडायचं न्हाई. गटाचा कायदा हाय. अन् तुम्ही तर... सगळ्यात मागं.”

“म्हणजे मी हळू चालवते, असं म्हणायचंय?”

“मी कुठं काय म्हणलो? शेंगा खाता का?”

त्या दिवसापासून तिच्या मागे एक आवाज सुरू झाला. ती उसाच्या फडाजवळ रेंगाळली की चिर्र... तळ्यावरचे बगळे पाहायला थबकली की चिर्र... त्याचे ब्रेक लागत. ती मागे वळून पाही. तो लगेच आभाळाकडे पाही.

तो औशाकडच्या बागाईतदारांना द्राक्षांविषयी सल्ला देत असे. त्यांच्यापैकी किशनरावांच्या बागेत, मांडवाखालच्या हिरवट उजेडात, त्याने एक लहानसा, जवळजवळ काळा घड तिच्या ओंजळीत ठेवला. ही वाइनची द्राक्षे होती. जाड सालीची आणि बियांची.

“बी थुकू नका, चावून बघा. कुरकुरीत लागलं की घड तयार झाला म्हणायचा.”

“साखर मोजली का?”

“मोजतो की, यंत्र हाय. पण आधी चव बघतो.”

“चव हा पुरावा होत नाही.”

“मग तोंड कशापायी वाकडं न्हाई झालं तुमचं?”

ती हसली. बोटांना जांभळा रस लागला होता. त्याने रुमाल पुढे केला... आणि तिने तो नको तितका वेळ हातात ठेवला.

तेरणा नदी मागे पडली. मांजरेच्या काठी उन्हे कलताना दोघे शेजारी बसले. पाणी जवळजवळ स्थिर होते. धम्मप्रियाने स्वतःची तपासणी केली आणि निष्कर्ष स्वीकारला : तिला तो आवडला होता. त्याच्याविषयी मात्र तिने तसे काही गृहीत धरले नाही. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. मागे राहणे हे त्याचे काम होते. साधे स्पष्टीकरण हाताशी असताना गोड स्पष्टीकरण शोधणे तिच्या शिस्तीत बसत नव्हते. सहल देगलूरला संपणार होती आणि तिथून ती संध्याकाळच्या बसने नांदेड गाठणार होती. कामाखातर मागे राहिलेल्या माणसाला काही विचारायचे नाही, असे तिने ठरवून टाकले.

देगलूरला मलप्पांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात अश्वजितची सायकल उलटी टांगली गेली.

“हे काय हो?” मलप्पांनी झिजलेला रबराचा तुकडा उजेडात धरला. “डोंगर उतरून आलाव का काय?”

“धूळ लागली असंल,” अश्वजित घाईने म्हणाला.

“सगळे एकाच रस्त्याने आले,” धम्मप्रिया म्हणाली. “धूळ सगळ्यांना सारखीच. बाकीच्यांचे ब्रेक तर चांगले आहेत.”

“मग रिम खराब असंल.”

तिने रिमवरून बोट फिरवले. रिम गुळगुळीत होती.

एवढ्यात गटातली मनिषा चहाचे पेले घेऊन आली. ती लातूरच्या दवाखान्यात परिचारिका होती. “अगं, त्याला काय इचारायलीस? मला इचार. शेपटाची पाळी रोज बदलते. सकाळी चहाला शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात जाते.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू कुठं असतीस चहाला? नदीवर! दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती, ह्यानं मागून घेतली. मग गटातल्या भीमाशंकरची घेतली, मग रामलिंगची. मला द्राक्षाची पेटी कबूल केलीया. अजून न्हाई दिली.”

“देतो म्हणलं ना!” अश्वजितचे कान लाल झाले होते.

मनिषा पेले ठेवून हसत निघून गेली. मलप्पा आत नवे रबर शोधायला गेले. धम्मप्रिया अश्वजितकडे वळली.

“पाळी का मागितलीत?”

“शिट्टी नसती तर मागं राहायला कारण काय सांगणार होतो, मॅडम?” तो थांबला. “धम्मप्रिया... तुम्हाला ओलांडून जायचंच नव्हतं मला. पुढं जाऊन बघणार काय होतो?”

तिने पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. आत पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

“नद्या चार होत्या,” ती म्हणाली. “बाटल्या मोजा.”

“ह्या तर लई हायत...”

“मांजरेनंतर मी प्रत्येक ओढ्याला थांबले. एका पुलाखाली पाणीच नव्हतं, तरी उतरले. मी इतकी हळू चालवत नाही, अश्वजित. थांबले की मागून आवाज येतो, हे कळलं होतं मला.”

संध्याकाळची बस तिच्याशिवाय सुटली. लेंडी नदीच्या काठाने दोघे सायकली हातात धरून चालत गेले. नवे रबर अजिबात वाजत नव्हते.

रबर झिजण्याचे कारण असे होते : ती मुद्दाम हळू चालवत होती, आणि त्याला तिच्या पुढे जायचे नव्हते.