मधला गडी

निपाणीच्या मोटार स्टँडावर उतरलेला माणूस आधी शिंकायचा आणि मग इकडेतिकडे बघायचा. चहूकडे तंबाखूच्या वखारी, त्यामुळे तिथल्या हवेलाच तपकिरीचा गुण होता. बोरगावची मनू मात्र कधी शिंकली नाही. तंबाखूच्या रानातच तिचा जन्म गेला होता. जन्म म्हणजे वीस वर्षं! पण अडतीस साली वीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी दिसली, की बायका 'जन्म' असाच हिशेब धरत. आई गेल्यावर घर तिनंच ओढलं होतं, आणि त्या ओढाओढीत लग्न राहून गेलं होतं.

मनूची थोरली बहीण मालूआक्का निपाणीत दिलेली. ती नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून मनू दर बाजारादिवशी तिला भाजीपाला, तूप असं काहीबाही घेऊन यायची. त्या दिवशी तिच्या गाठोड्यात आक्काच्या सासूनं मागितलेला एक भोपळा होता. मोटारीच्या टपावरून शामू हमालानं गाठोडं खाली दिलं आणि गाठ सुटून भोपळा निसटला.

"अगं आई गं!" मनू ओरडली.

मोटारीच्या तोंडाला टेकून एक उंचेला माणूस उभा होता. हातात उतारूंची वही, डोक्याला रुमाल. त्यानं वहीतून मान वर केली न केली, आणि एक पाय पुढे टाकला. भोपळा आधी त्याच्या मांडीवर आला, तिथून पावलावर, आणि पावलावरून मातीत असा अलगद बसला, की जसं मांजरच बसावं. साधा ओरखडासुद्धा नाही.

आणि मग त्या माणसानं जे केलं, ते बघून मनूला हसू आवरेना. तो वाकला, भोपळ्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

"भोपळ्याच्या पाया पडलासा?" ती पदर तोंडाला लावून म्हणाली.

"पाय लागला की त्येला." तो गंभीरपणे म्हणाला. "पायाचंच काम केलंय जल्मभर. ज्येला पाय लावायचा, त्येला आधी हात जोडायचं... ही आमची रीत हाय."

"असलं कसलं काम म्हणायचं हे?"

"फुटबॉल." तो म्हणाला, आणि पुन्हा मोटारीला टेकला. टेकताना त्याच्या तोंडावरून एक कळ सर्रकन येऊन गेली. त्याला वाटलं, हिच्या ध्यानात आली नसेल. पण बायकांच्या ध्यानात काय येत नाही हे ज्याला कळलं, तो पुरुष अजून जन्माला यायचाय!

त्याचं नाव भरमू. गाव बेळगावाला लागून असलेलं कंग्राळी. आता निपाणीच्या स्टँडावर तो सर्व्हिस मोटारींचा एजंट होता. कुठल्या मोटारीत कुठली जागा मोकळी, हे त्याला पाठ फिरवूनसुद्धा कळायचं. "आजी, तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी... पावणं, तुमी डायवरच्या मागं," असं तो म्हणायचा, आणि माणसं तांदूळ मापात बसावेत तशी बसून जायची.

बोरगावची मोटार सुटायला तास-दीड तास असायचा. मनू आक्काकडून मुद्दाम लवकर निघायची आणि गाठोड्यावर बसून राहायची. भरमू मोटारीला टेकून उभा. आणि मग दर बाजाराला एकेक तुकडा, असं करत त्यानं तिला आपलं सगळं खेळणं सांगितलं.

पोरवयात तो कंग्राळीहून बेळगावच्या कँपात दूध घालायला जायचा. तिथं मैदानावर गोरे सोल्जर बॉल खेळत. बॉल बाहेर आला की हा अनवाणी पायानं परत मारायचा, आणि तो नेमका ज्याला हवा त्याच्याच पायाशी जायचा. एका साहेबानं ते हेरलं आणि एक गडी कमी पडला तेव्हा याला आत ओढलं. तिथून बेळगावची टीम, आणि बेळगावहून थेट मुंबईची एक कापडगिरणी! हजेरीपटावर नाव साच्यांवर, म्हणजे मागांवर, पण काम एकच, गिरणीच्या टीममधून खेळायचं.

"बॉल खेळायचा पगार?" मनूचा विश्वास बसेना. "आमच्या आप्पांला सांगितलं तर हसून हसून तंबाखू सांडंल."

"अकरा वर्षं घेतला."

"मग गोल किती केलासा?"

भरमूनं रुमाल काढून पुन्हा बांधला. "दोन."

"एका म्याचीत?"

"अकरा वर्षांत. त्यातला एक कमरंला लागून गेला."

मनू इतकी हसली की शामू हमालसुद्धा वळून बघायला लागला. "मग करत काय हुतासा अकरा वर्षं?"

"मी मधला गडी. हाफ." तो म्हणाला. "मागनं बॉल काढायचा आणि म्होरं द्यायचा. बॉल पायात यायच्या आधीच बघून ठेवायचं, आपला कोण मोकळा हाय. आला की द्यायचा त्येला. गोल त्यो करणार."

"आणि टाळ्या?"

"त्या बी त्येलाच."

"लई शाणे!" मनू म्हणाली. मग खाली बघत, गाठोड्याची गाठ उगाचच सोडत-बांधत म्हणाली, "एकदा तरी सोताकडं बघायचं हुतं... आपण मोकळं हाय का ते."

मोटारीचं स्वच्छ असलेलं नाक भरमूनं रुमालानं पुन्हा पुसून काढलं, आणि त्याचे कान तांबडे झालेले मनूनं बघून घेतले.

शेवटचा तुकडा सांगताना मात्र तो अडखळला. चिखलातली मॅच, समोरच्याचा बूट आणि गुडघ्यातून आलेला 'कट्ट' असा आवाज. सहा महिने गिरणीनं वाट बघितली, मग नाव काढून टाकलं. तो गावी आला, भावाबरोबर औत धरून बघितलं, पण दुसऱ्या तासालाच गुडघा बसला. "आता बराय पाय," तो घाईघाईनं म्हणाला. "तसं काय न्हाय आता."

मनू "व्हय का?" एवढंच म्हणाली. दोन महिन्यांत त्याला तिनं एकदाही चालताना बघितलं नव्हतं. ती आली की तो टेकलेला, ती निघाली तरी टेकलेला. उतारू त्याच्याकडे यायचे, तो कुणाकडे जायचा नाही. त्या दिवशी मोटार सुटल्यावर वळणावर तिनं मुद्दाम मागं मान वळवली. मोटार गेली असं धरून भरमू चहाच्या दुकानाकडे निघाला होता... एक हात गुडघ्यावर, एक पाय ओढत, मधेच थांबत. आपल्यापासून लपवायला हा माणूस तास तास उभा राहतो! त्याच वळणावर ती त्याच्या प्रेमात पडली, आणि बोरगाव येईपर्यंत पुरती बुडाली.

पण गोष्टी इतक्या सरळ असत्या तर आम्हाला सांगायला काय उरलं असतं?

माघ सरत आला तेव्हा एका बाजाराला मनूचे वडील यल्लाप्पा तिच्याबरोबर आले. नातू बघून झाला, आणि परतताना ते सरळ भरमूपाशी गेले. मनू मोटारीत बसली होती, खिडकीपाशी.

"भरमू म्हंत्यात ते तुमीच न्हवं? कंग्राळीचं?" यल्लाप्पांनी विचारलं. "तुमच्या गावच्या परशरामाचं स्थळ आलंय आमच्या मनूला. पोरगा कसा काय?"

मनूचा हात खिडकीच्या दांडीवर घट्ट झाला. भरमू बोलायला लागला आणि थांबेचना.

"परशराम? हिरा हाय, अण्णा! माझ्याच बेळगावच्या टीमचा. सेंटर फॉरवर्ड. गोल त्योच करायचा सगळं. अजून खेळतोय. घरची चार एकर पिकाऊ जमीन, दारू न्हाय, बिडी न्हाय, सोभावानं दिलदार. डोळं झाकून द्या. मी सोता घिऊन येतो पावण्यांला."

यल्लाप्पा खूश होऊन तंबाखूची पिशवी आणायला वखारीकडे वळले, आणि मनू मोटारीतून खाली उतरली. तिचे डोळे रागानं भरले होते.

"दिलासा बॉल?" ती म्हणाली.

"मनू... खोटं न्हाय सांगितलं. खरंच गुणाचा हाय त्यो."

"असंल! त्येचं खरं सांगितलासा. सोताचं का न्हाय सांगितलासा?"

"माझं काय सांगू?" भरमूनं हातातली वही मिटली. "रानात राबणाऱ्या घरची पोर तू. तुला दोन धड पायाचा माणूस पायजे. औतामागं चालणारा. मी... मला जमायचं न्हाय त्ये."

"मला काय पायजे, ते मला कुणी इचारलं?"

भरमूनं मिटलेली वही पुन्हा उघडली आणि तो उतारूंची नावं मोजायला लागला. मनू पदरानं डोळे पुसत मोटारीत जाऊन बसली. या खेपेला तिनं वळणावर मागं बघितलं नाही.

फाल्गुनात, एका सोमवारी सकाळी, बोरगावच्या घरी पाहुणे आले. परशराम, त्याचे चुलते मारुतीराव, आणि मध्यस्थ म्हणून भरमू. परशराम खरोखरच देखणा होता, मोकळा हसणारा. आल्या आल्या त्यानं यल्लाप्पांच्या म्हैशीचं कौतुक केलं, आणि मनूची आत्ती जयाबाई तिथंच विरघळली. भरमू तेवढा सोप्यावर आला नाही. अंगणाच्या पार टोकाला, दारवंट्याला टेकून उभा राहिला. "बस की रं," परशराम दोनदा म्हणाला, पण तो हलला नाही.

मनू पोहे घेऊन आली, पाटावर बसली. नाव सांग झालं, स्वयंपाकाचं झालं, वाचता येतं का झालं. मारुतीरावांनी घसा खाकरला.

"जरा चालून दाव, बाळ."

मुलीनं चालून दाखवायचं, पायात काही दोष नाही ना ते बघायचं, ही रीतच होती. मनू उठली. सोप्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली, परत आली. तिचं लक्ष दारवंट्याकडे होतं. भरमूची मान खाली.

"झाक!" मारुतीराव म्हणाले. "आता तुला काय इचारायचं आसंल तर इचार हां, पोरी."

हीही रीतच. हे विचारायचं, आणि मुलीनं लाजून मान हलवायची, म्हणजे बैठक उठली. आजपर्यंत बोरगावात कुठल्या मुलीनं या प्रश्नाला उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"इचारायचं न्हाय," मनू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तोंडातून शब्द आला तो आला. "मी चालून दावलं. आता एका माणसानं चालून दावावं."

जयाबाईंनी तोंडावर हात ठेवला. परशराम मात्र दिलखुलास हसला आणि धोतर झटकत उठला. "चालतो की! त्यात काय?"

"तुमी न्हवं." मनूनं बोट उचललं. "ते. दारात उभारलेत ते."

भरमूनं मान वर केली. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली होती. अंगण मोठं, लख्ख ऊन, मधे टेकायला काही नाही. नाही म्हटलं असतं तर संपत होतं. मोटारीकडे जाऊन येतो म्हटलं असतं तरी संपत होतं. मनूला वाटलं, आता हा नजर वळवणार.

भरमूनं दारवंटा सोडला.

पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला गुडघा मुडपला. तिसऱ्यापासून त्यानं लपवायचं सोडून दिलं. एक हात गुडघ्यावर, पाय ओढत, मधेच थांबत तो ते सगळं अंगण चालत आला, तिच्यावरची नजर न काढता.

"अगं बाई, लंगडा हाय की ह्यो!" जयाबाई पुटपुटल्या.

"ठाव हाय मला, आत्ती," मनू म्हणाली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. "मला एवढंच बघायचं हुतं, येत्यात का न्हाय ते."

परशराम एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "भरम्या! गोलाच्या तोंडात उभा राहून बी बॉल मलाच देत आलास तू. आज जर मला दिलास, तर दुसरा पाय मी मोडीन, सांगून ठिवतो!"

मारुतीराव "अरे, अरे..." करत राहिले. पण भरमू आता यल्लाप्पांपुढे उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला. "परशरामाचं मी खरंच सांगितलं. माझं सांगायची छाती झाली न्हाय. औत मला धरता येत न्हाय. पायात जोर न्हाय. पर मनू..." तो थांबला. "मनू मला पायजे, अण्णा. मला द्या."

यल्लाप्पांनी चिमूट तोंडात टाकली. लेकीकडे बघितलं. आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत तिनं घरात कशासाठी हट्ट धरलेला त्यांना आठवेना. साडीसाठी नाही, जत्रेसाठी नाही.

"माझ्या घरात औत धरायला गडी हाईत," ते शेवटी म्हणाले. "पोरीनं तोंड उघडून मागितलेलं हे पयलंच. जया, साखर आण."

परशरामानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. बिचारा, त्यालाही टाळी वाजवायची संधी तशी पहिलीच.

भरमू मात्र तिथंच, सोप्याच्या पायरीखाली उभा होता. आता काय करायचं असतं, हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं. मनूनं डोळे पुसले, आपला पाट उचलला आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवला.

"बसा आता," ती हळूच म्हणाली. "लई लांबनं आलासा."

आणि भरमू बसला. गुडघा दुखत होता, तो तोंडावर दिसू दिला त्यानं... पहिल्यांदाच, तिच्यासमोर.