अगाथाची हाक

दार ओढून घ्या रे, धुकं आत येतंय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

अगाथा सेलेला तुम्ही ओळखता, बसथांब्यासमोरच्या बेकरीतली. अडुसष्ट वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, जीभ मात्र शाबूत. दर नऊ ऑगस्टला सकाळच्या बसने इथे वर मालबुनला यायचं, कड्यावरच्या क्रुसाशी नवऱ्यासाठी मेणबत्ती लावायची, संध्याकाळी घरी. मागच्या वर्षी मुलगा नॉर्बर्ट दारात आडवा उभा राहिला. तिची लाल लिपस्टिक बघून म्हणाला, डोंगरात कोणाला दाखवायचीय, बकऱ्यांना?

"तुझ्या बापाला," ती म्हणाली. "सरक बाजूला."

तिचा एंगेलबर्ट एकोणतीस वर्षांपूर्वी त्याच कड्यावरून धुक्यात गेला. दिवस मावळताना गुराख्याने लाकडी नरसाळं तोंडाला लावून एकेका संताचं नाव घेत प्रार्थना पुकारायची, आवाज पोचेल तिथवर माणूस-जनावर सुखरूप, ही आपली रीत. त्या संध्याकाळी गुराखी अलोईस पिऊन पडला होता. पुकारलंच नाही. त्याच हिवाळ्यात तोही मेला.

तर मागच्या वर्षी, मेणबत्ती लावून अगाथा उतरत होती. साडेसहाला धुकं आलं. स्वतःचा हात दिसेना. डावीकडे गुरांच्या घंटा वाजल्या, म्हणजे वाट तिकडेच, म्हणून ती वळली. चार पावलं गेली आणि थबकली. गुरं तर मी, आताच्या गुराख्याने, आठवड्यापूर्वीच वरच्या कुरणात नेली होती, आणि ते तिला ठाऊक होतं...

समोर कोणीतरी उभं. काखेत नरसाळं.

"इकडून ये, अगाथा. वाट इकडे आहे."

अलोईसचा आवाज.

तिला राग आला. एकोणतीस वर्षांचा.

"त्याला घालवलंस, आता मला न्यायला आलास? तुझ्याच्यानं एक हाक झाली नाही. आण ते इकडे."

हिसकावलंच. गार... ओलं... तोंडाला लावलं आणि पुकारलं. एकही संत न गाळता. बाईने पुकारायचं नसतं, हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक होतं.

घंटा थांबल्या. धुकं फाटलं. समोर कोणी नाही. हात रिकामे. पुढच्या पावलाखाली...

काही नाही.

मी इथूनच ती हाक ऐकली. तासाभराने ती दारात आली, अलोईसला शिव्या देत. त्याचं नरसाळं जूनपासून त्या पेटीत कुलपात होतं, किल्ली माझ्या गळ्यात. तसं सांगितलं तिला. ती म्हणाली, उघड.

उघडलं. नरसाळं आतून ओलं होतं.

आता ते तुमच्या डोक्यावर खुंटीला आहे. काढा खाली. तोंडाशी ते लाल ओठ उमटलेत ना, पुसून बघा. मी वर्षभर पुसतोय.