फळीवरचे उंदीर आणि सुहासचं हसू

शलाका पुण्याहून बेंगळुरूला, देवनहळ्ळीच्या रस्त्यावरच्या संशोधन संस्थेत रुजू झाली, त्याच दिवशी दारात ती एका पिंजऱ्यावर आदळली. पिंजऱ्यात उंदीर होता आणि पिंजऱ्यामागे सुहास.

"अय्यो! लागलं का?"

"कुणाला, मला की उंदराला?"

"तुम्हाला... उंदराला मी नंतर विचारतो."

सुहास चामराजपेटचा, तीन पिढ्यांपासून बेंगळुरूकर; त्याच्या मराठीत मधूनच कन्नड शब्द डोकवायचे. मेंदूला इजा झालेले उंदीर औषधाने पुन्हा नीट चालू लागतात का, हे दोघांना तपासायचं होतं. निम्म्या उंदरांना तो औषध टोचायचा, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते शलाकाला कळता कामा नये. कळलं की नजर पक्षपात करते. तिने फक्त अरुंद फळीवर उंदराचा पाय किती वेळा घसरला ते मोजायचं. उंदरांबद्दल बोलायला दोघांना बंदी होती. मग बाकी सगळ्या गोष्टींबद्दल बोलणं आलंच.

आठव्या आठवड्यात तिला खात्री पटली, की काही उंदीर फळीवर ठेवताना सुहास गालात हसतो. म्हणजे औषध त्यांनाच! गप्प बसावं तर प्रयोग खोटा, सांगावं तर आठ आठवड्यांची मेहनत पाण्यात.

ती तडक विभागप्रमुख श्यामलामॅडमकडे गेली.

"मॅडम, मला ओळखू येतंय. सुहासच्या चेहऱ्यावरून."

"तू पाय मोजत होतीस ना? चेहरा कधी बघितलास?"

"रोज..." शलाकाचे कान तापले. पण खरं सांगायलाच तर ती आली होती. "मला तो आवडतो, मॅडम."

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. कुठल्या नंबरच्या उंदराला औषध, ते शलाकाने लिहून दिलं. मॅडमनी कुलपातली यादी काढून ताडून पाहिलं.

"निम्मे बरोबर, निम्मे चूक. नाणं उडवून एवढंच आलं असतं. तुझं काम शाबूत आहे, जा." मग चष्मा काढत म्हणाल्या, "तो हसतो कशाला, ते मात्र या यादीत नाही."

सुहास बाहेर पिंजरा धूत होता. तिने सरळ विचारलं.

"तुम्ही पेन्सिल अंबाड्यात खोचता," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आणि मग... टेबलभर शोधता. सांगणार होतो. पण सांगितलं तर शोधणं बंद होईल, म्हणून—"

तिचा हात अंबाड्याकडे गेला. पेन्सिल तिथेच होती.

"राहू दे ना," सुहास म्हणाला. "अजून स्वल्प शोधा."