ताठ करंगळी

मास्तर शिडीच्या पायाशी पडले होते. डोळे उघडे, डावा हात पसरलेला. बोटं आखडली होती, करंगळी मात्र ताठ.

"करवतीनं शीर तुटली होती, मॅडम," त्यांचा धाकटा भाऊ इन्स्पेक्टरबाईंना म्हणाला. "तेव्हापासून वाकायची नाही."

टेबलावर वीतभर उंचीचा बाहुला उताणा होता. राजा. मास्तर त्याला केसभर हलवायचे, फोटो काढायचे, पुन्हा हलवायचे. असे चोवीस फोटो जोडले की पडद्यावर एक सेकंद. राजा हात उचलतो, डोळे मिटतो आणि मरतो, एवढ्यासाठी तीन आठवडे डोकेफोड चालली होती.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. कंबर मोडली होती, आत रक्तस्राव. पडल्यावर मास्तर दोन तास जिवंत होते. वेळेत नेलं असतं तर वाचले असते.

इन्स्पेक्टरबाई पुन्हा स्टुडिओत आल्या.

"तुमचं भांडण होतं?" त्यांनी भावाला विचारलं.

"रोजचंच. काम संपेना ना! पण काल मी दिवसभर वितरकाकडे होतो. पाच माणसं सांगतील."

"बाहुला हलवता येतो?"

"मला? उभा करायला गेलो तर नाकावर पडतो. ही कला दादाची. थोडी हिची."

ही म्हणजे मास्तरांची लेक. दहा वर्षं बाहुल्यांचे कपडे शिवत होती.

"तुम्ही कुठे होतात?"

"घरी. बाबांनीच हाकललं. म्हणाले, शिवण कर, मरण दाखवणं तुला सात जन्मांत जमणार नाही."

बाईंनी कालचे फोटो ओळीनं लावायला सांगितले. राजा कोसळला. चित्राला हिसका बसला, चौकट तिरकी झाली. वेळ अकरा दहा. पुढच्या फोटोत चौकट पुन्हा सरळ. राजाचा डावा हात उठला, थरथरला, बोटं मिटली, उघडली, करंगळी तेवढी ताठच. शेवटचा फोटो एक दहाचा.

"हिसका बसला तेव्हा मास्तर पडले, शिडी कॅमेऱ्याला लागली आणि धक्क्यानं फोटो निघाला. मोडलेल्या कंबरेचा माणूस कॅमेरा सरळ करत नाही. म्हणजे इथे दुसरं कुणी होतं, आणि त्यानं दोन तास बाहुला हलवला. काकांना ते येत नाही."

"म्हणून मीच का?" लेक म्हणाली.

बाईंनी राजाची करंगळी दाबली. ती सहज वाकली.

"हिच्यात तार आहे. मग मरताना ही एकटीच ताठ का राहिली? कारण तुम्ही समोर बघून हुबेहूब नक्कल करत होतात. ते मदतीसाठी हात करत होते, आणि तुम्ही फोटो काढत होतात."

भाऊ तिच्याकडे वळला. "अगं, बाप होता तुझा!"

"शिडी मी नाही हलवली, काका. मी परत आले तेव्हा ते चढलेलेच होते, आपणहून पडले." तिचा आवाज जराही हलला नाही. "तीन आठवडे त्यांना जमलं नाही. मला एका दिवसात जमलं."

बाईंना तिची किळस आली. तरी एक गोष्ट राहिली होती.

"राजा शेवटी डोळे मिटतो ना? तुमच्या राजाचे उघडे आहेत. तेवढं का सोडलंत?"

लेकीनं पहिल्यांदाच शिडीखालच्या जागेकडे पाहिलं.

"मी वाट पाहिली," ती म्हणाली. "त्यांनी मिटलेच नाहीत."