छपराचं लाकूड

मठाचं चाक मोडलं तेव्हा नझ्झारेना त्यात सूपच्या वाट्या ठेवत होती. पाचही वाट्या खाली आल्या. तिनं मठाच्या दारात उच्चारू नयेत असे चार शब्द उच्चारले आणि ॲप्रनला हात पुसत, गल्ली ओलांडून ती फुल्विओच्या कारखान्यात आली.

"मिस्त्री, तुमच्या ताईचं जेवण जमिनीवर सांडलंय. उठा."

फुल्विओ मेन्कारेल्ली उठला. अडुसष्टाव्या वर्षी साऱ्या विटेर्बो गावात त्याच्याइतका चांगला सुतार दुसरा नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. चाक म्हणजे भिंतीत बसवलेलं उभं लाकडी पिंप. त्याला एकाच बाजूला तोंड. बाहेरून ताट ठेवायचं, पिंप फिरवायचं, की तोंड आत वळतं आणि सिस्टर ताट उचलतात. देणाऱ्याला घेणारी दिसत नाही. त्याची थोरली बहीण, सिस्टर प्लाचिदा, चोपन्न वर्षं त्या भिंतीपलीकडे राहत होती. बाहेरच्या जगासाठी त्या मठाला एक चाक, भेटीच्या खोलीतली एक जाळी आणि नझ्झारेना नावाची विधवा स्वयंपाकीण, एवढंच होतं.

पिंपाच्या पाठीच्या तीन फळ्या कुजल्या होत्या. बाजारात चेस्टनटचं लाकूड मिळालं असतं. पण फुल्विओच्या कारखान्यात माळ्यावर एक काळी पडलेली तुळई होती, आणि तिच्यामागे घराण्याचा अभिमान होता.

साडेसातशे वर्षांपूर्वी पोप विटेर्बोतच वारले. नवा पोप निवडायला कार्डिनल जमले आणि भांडत बसले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. गावाच्या पैशांवर जेवायचे, झोपायचे आणि ठरवायचे काही नाही. शेवटी गावानं त्यांना राजवाड्यात कोंडलं, त्यांच्या ताटाला कात्री लावली आणि तरी ऐकेनात म्हणून डोक्यावरचं छप्पर उतरवलं. तीन जण त्या निवडणुकीतच मेले. उरलेल्यांनी अखेर पोप दिला, आणि त्या पोपनं गावाची युक्तीच कायदा करून टाकली: तीन दिवसांत निर्णय नाही, तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले, तर नुसता पाव, पाणी आणि वाइन.

गावात ज्याला विचाराल त्याचा पूर्वज त्या दिवशी छपरावर होता. सगळे खरं बोलत असतील तर छप्पर माणसांच्या वजनानंच खाली आलं असतं. पण मेन्कारेल्लींकडे निदान त्या छपराची तुळई होती. फुल्विओ ती पर्यटकांना दाखवायचा आणि म्हणायचा, "पोपच्या राज्यातली पहिली सुधारणा आम्ही सुतारांनी केली. पटाशीनं."

तिच्यातून त्यानं तीन फळ्या काढल्या. रंधा मारताना लाकडातून ओल्या राखेसारखा वास आला. फळ्या मात्र अशा चपखल बसल्या की तो स्वतःवरच खूश झाला.

त्याच दुपारी जाळीपलीकडून प्लाचिदानं त्याला बातमी दिली.

"सोमवारपासून निवडणूक. मदर गेल्याला सहा महिने झाले. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाच्या आत नवी मदर निवडा, असं रोमहून पत्र आलंय."

"मग निवडा की. पाचच तर आहात."

"पाच आहोत म्हणूनच निवडता येतंय, अरे. नवा नियम माहीत आहे ना? चार उरल्या की हक्क गेला. हक्क गेला की कुलूप. मग एकीला नेपल्सला पाठवतील, एकीला कुठं डोंगरात." ती थांबली, श्वास घेतला. तिच्या हृदयाची झडप गळत होती आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. "फुल्विओ, मी इथंच राहायची शपथ घेतलीय. मरेपर्यंत नव्हे, मेल्यावरही. मागच्या बागेत माझी जागा मी बघून ठेवलीय, अंजिराखाली."

"काहीतरीच बोलू नकोस, ताई."

"इल्देगोंदा आणि आणखी एक जण एका बाजूला, तार्चिझिया आणि आणखी एक जण दुसऱ्या. इल्देगोंदा म्हणते, काडीही हलवायची नाही. तार्चिझिया म्हणते, यात्रेकरूंना दार उघडा, चार खोल्या द्या, जेवू घाला. एक मठाचं थडगं करील, दुसरी खानावळ."

"आणि तू?"

"मी कोरी चिठ्ठी टाकणार. खोटं मत देण्यापेक्षा ते बरं."

फुल्विओ हसला. "मग तुम्हालाही विटेर्बोचं औषध द्यायला हवं. तीन दिवसांनी एक ताट!"

प्लाचिदाही हसली. पुढं कित्येक महिने त्याला तो विनोद घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत राहिला.

सोमवारी सिस्टरांनी आतून दार लावून घेतलं. निवड होईपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. दार उघडलं किंवा बाहेरचं माणूस आत गेलं, तर निवडणूक रद्द. पहिले तीन दिवस सुरळीत गेले. नझ्झारेना पाच वाट्या सूप आणि पाच ताटल्या आत फिरवायची; तासाभरानं दहाही भांडी परत यायची. गुरुवारी मात्र ताटल्या चाटूनपुसून आल्या.

"चोपन्न वर्षांच्या उपासाची भूक निघाली वाटतं," ती म्हणाली. "कालपर्यंत निम्मं परत यायचं. आता ताटल्या धुवायलाही नको."

शनिवारी रिकाम्या वाट्यांमध्ये एक चिठ्ठी आली. अक्षर प्लाचिदाचं होतं. *फुल्विओ, तुझी मस्करी पोचली. गुरुवारपासून नुसतं सूप येतंय. आमची तक्रार नाही, पण तार्चिझियाला चक्कर येते. आता पुरे कर.*

फुल्विओनं ती दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात नेऊन नझ्झारेनापुढं धरली.

"नुसतं सूप?" तिचा आवाज चढला. "गुरुवारी बडीशेप घालून ससा केला होता मी! शुक्रवारी बोल्सेनाच्या तळ्यातला मासा. पाच ताटल्या, मिस्त्री, पाच! या हातांनी ठेवल्या."

"आणि परत आल्या?"

"रिकाम्या. तुमच्या डोळ्यांदेखत." तिनं हातातला डाव खाली ठेवला. तिच्या मागं नळ ठिबकत होता. "मग खाल्लं कुणी?"

फुल्विओनं चाक पुन्हा तपासलं. आस ठीक होता, तळाची फळी घट्ट होती. पिंपात डोकं घालून त्यानं बॅटरी फिरवली. उंदीर शिरायलाही फट नव्हती. नव्या फळ्या आता काळ्या दिसत नव्हत्या. तेल प्यायल्यासारख्या चमकत होत्या आणि हाताला किंचित कोमट लागत होत्या. रविवारी त्यानं स्वतः वाट्या आणि ताटल्या ठेवल्या, स्वतः चाक फिरवलं, भिंतीला कान लावला. पलीकडून कुणीतरी एक वाटी उचलली, मग दुसरी. पाच वाट्या उचलल्याचे आवाज त्यानं मोजले. ताटल्यांचा आवाज आलाच नाही. परत आल्या तेव्हा त्यांत हाडसुद्धा उरलं नव्हतं.

त्यानं उत्तरादाखल चिठ्ठी लिहिली, दोनदा. दोन्ही वेळा ताटल्या परत आल्या, चिठ्ठी नाही.

मंगळवारी, नवव्या दिवशी, पाचही सूपच्या वाट्या कोरड्या परत आल्या. सोबत प्लाचिदाची ओळ होती. अक्षर थरथरत होतं. *आता फक्त पाव.*

त्या रात्री फुल्विओला झोप लागली नाही. आयुष्यभर त्यानं ती गोष्ट हसत सांगितली होती. छप्पर उतरवलं, ताट कापलं, आणि बघा, सुधारले की नाही! मेलेल्या तिघांना तो कधी मोजत नसे. आता आत उपाशी बसलेल्यांत त्याची बहीण होती आणि त्याला स्वतःची शरम वाटली. दार फोडावं तर निवडणूक रद्द, मठाला कुलूप, ताई नेपल्सला. न फोडावं, तर तिचं हृदय किती दिवस साथ देणार? आणि ती गेली, तर उरणार चारच.

बुधवारी सकाळी त्यानं पटाशी आणि हातोडा घेतला. दाराला हात लावायचा नाही; फक्त चाकाच्या त्या तीन फळ्या काढायच्या, असं त्यानं ठरवलं.

"विचार करा, मिस्त्री," नझ्झारेना गल्लीकडच्या दारातून म्हणाली. ती आत आली नाही. "भिंतीला भोक पडलं तर तेही दारच."

फुल्विओनं पटाशी खाली ठेवली. टोपलीतला एक पाव घेतला, तो मुठीत घट्ट धरला आणि खांद्यापर्यंत हात चाकात घातला. पाव सोडायचाच नाही. कोण घेतो ते बघू.

पिंपाचं तोंड त्याच्याकडे होतं. पाठ बंद होती. पलीकडून हात यायला जागाच नव्हती.

अंधारात कुणीतरी पावाला हात लावला.

बोटं होती. कोरडी, थंड, नुसती हाडं. ती पावावरून त्याच्या मुठीवर आली आणि मुठीवरून मनगटावर. ओरबाडलं नाही, खेचलं नाही. आंधळा माणूस चाचपतो तसं फक्त चाचपत होती. एका बोटात कार्डिनलांची असते तशी भली मोठी अंगठी होती. ती सैल होऊन फिरत होती.

"ताई?" तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला माहीत होतं, ही ताई नव्हे.

त्यानं मूठ उघडली.

पाव गेला.

तेवढ्यात मठाची घंटा वाजू लागली. निवड झाली होती.

* * *

मदर तार्चिझियानं महिन्याभरात दोन खोल्या झाडून घेतल्या आणि यात्रेकरूंसाठी दारावर पाटी लावली. जेवण पुन्हा पूर्ण पोचू लागलं. गावात सगळे म्हणाले, उपास केला म्हणून देवानं बुद्धी दिली. फुल्विओनं त्या फळ्या काढून पाइनच्या बसवल्या. जुन्या फळ्या त्यानं जाळायला नेल्या, पण त्या पेटल्या नाहीत. त्यानं त्या तुळईजवळ माळ्यावर टाकल्या आणि पर्यटकांना वर नेणं बंद केलं.

डिसेंबरात प्लाचिदानं त्याला बोलावलं. जाळीपलीकडे तिचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"मतं मोजायचं काम माझ्याकडं होतं," ती म्हणाली. "रोज तेच. दोन, दोन आणि माझी कोरी. बुधवारी मी पेटी उपडी केली, तर सहा चिठ्ठ्या."

"सहा?"

"नियम काय सांगतो? माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त झाल्या की मतदान बाद, सगळ्या जाळा, पुन्हा बसा. पुन्हा बसायची ताकद कुणात होती? इल्देगोंदा भिंतीला टेकून श्वास घेत होती." तिनं खाली पाहिलं. "माझी कोरी चिठ्ठी मी बाहीत सरकवली. उरल्या पाच. तार्चिझियाला तीन."

"ती सहावी…?"

"तपकिरी शाई. लॅटिन अक्षर, इतकं जुनं की मला लावून वाचावं लागलं. नाव तार्चिझियाचंच." ती किंचित हसली. "चूक काय त्याची? भुकेल्यानं जेवू घालणारीलाच मत दिलं. मी मात्र पाप केलं, फुल्विओ. कन्फेशनला सांगितलं तर फादर मला सगळं उघड करायला लावतील आणि मठ मोडेल, म्हणून तुला सांगते."

"कुणाचं मत होतं ते, ताई?"

"माहीत नाही. पण आपण त्याला मोजलं," ती म्हणाली. "एकदा मोजलेल्याला मग जा कसं म्हणणार?"

जानेवारीत ती गेली. शवपेटी फुल्विओनंच केली, नव्या ओकची. अंजिराखाली जमीन थिजली होती. खणायला दोन दिवस लागले. तो रडला, कुणापुढं लाजला नाही. मदर तार्चिझियानं त्याच आठवड्यात प्रामाणिकपणे रोमला कळवलं: आता आम्ही चार.

लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत रोमहून एक फादर आले. तरुण, नीटनेटके, काखेत फाइल. फाइलीत मठ बंद करण्याचे कागद तयार होते: इमारत विकायची, बागेतल्या कबरी शहराच्या दफनभूमीत हलवायच्या. बाहेरचा साक्षीदार लागतो म्हणून त्यांनी फुल्विओला बोलावून घेतलं. नकाराची काही सोय नव्हती. बहिणीला अंजिराखालून उपटणाऱ्या कागदावर त्यालाच सही करायची होती.

चॅपलमध्ये सिस्टर दुपारची प्रार्थना म्हणत होत्या. फादर जाळीपाशी उभे राहिले आणि पेन्सिलीच्या टोकानं मोजू लागले. मग थांबले, पुन्हा मोजलं, आणि फाइल उघडली.

"पत्रात चार लिहिलंय."

"हो," फुल्विओ म्हणाला.

"पाच आहेत की. तुम्हीच बघा." ते वैतागले होते. "एवढा प्रवास करून यायचं आणि इथं साधी मोजणी चुकलेली!"

फुल्विओनं जाळीतून पाहिलं. मदर तार्चिझिया. तिच्या शेजारी इल्देगोंदा. मागं दोघी. त्यांच्याही मागं, भिंतीलगत, कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. पुढच्या चौघींपैकी एकही मागं वळून बघत नव्हती.

खिडकीतून अंजिराची उघडी फांदी दिसत होती.

"पाच," तो म्हणाला.

फादरनी आकडा खोडला, वर पाच लिहिले, बंद करण्याचे कागद फाइलीत परत सरकवले आणि पेन पुढं केलं. फुल्विओनं सही केली.

फादर जायला निघाले, पण दारापाशी घुटमळले. त्यांचा आवाज आता बराच मऊ झाला होता.

"एक विचारू? त्या सगळ्यात मागं बसल्या होत्या ना, त्या फारच खंगल्यात हो. पोटभर मिळतं ना त्यांना?"