मागच्या सीटवरचं ऐकू यायला हवं

बडोद्याच्या खंडेराव मार्केटच्या बाहेर संयोगिताची स्कूटर अडकून पडली, त्याला कारण होती एक गाडी. साधीसुधी नव्हे — गडद निळी, लांबलचक बॉनेटची मस्टँग. भाजीच्या हातगाड्यांमध्ये ती चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती. संयोगिताने हॉर्न वाजवला, हाका मारल्या. गाडीचा मालक पलीकडे निवांत वांगी निवडत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. वांगी घेऊन तो गाडीत बसला, इंजिन सुरू केलं... आणि मागच्या पाइपातून असा काही आवाज फुटला की मार्केटच्या कमानीवरची कबुतरं उडाली आणि संयोगिताच्या हातातली पिशवी सुटून लिंबं रस्ताभर पळाली.

ती तणतणत गाडीच्या डाव्या खिडकीशी गेली. काच खाली होती. ती बोलत राहिली, तो समोर बघत राहिला.

“बहेरा छो के शुं?” शेवटी ती गुजरातीत ओरडली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला कुणीतरी दिसलं असावं. त्याने इंजिन बंद केलं आणि पुरता तिच्याकडे वळला.

“हा,” डाव्या कानावर बोट ठेवत तो म्हणाला, “आ काने.”

संयोगिताला कुठे तोंड लपवू असं झालं. आता याच्याशी काय बोलायचं, असं ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली — आणि तो हसला.

“मराठीत रागावलात तरी चालेल. फक्त या बाजूनं या.”

मग तो खाली उतरला आणि वाकून वाकून तिची लिंबं गोळा करू लागला. संयोगिता लाल कान घेऊन घरी गेली. ज्या गोष्टीवरून ती ओरडली होती, ते तर तिचं रोजचं काम होतं. गोत्री भागातल्या एका दवाखान्यात ती ऑडिओलॉजिस्ट होती. दिवसभर लोकांचे कान तपासायची, न ऐकणाऱ्यांशी न चिडता बोलायची. हा प्रसंग तिने घरी कुणालाच सांगितला नाही.

पुढच्याच आठवड्यात तो तिच्या तपासणीच्या खोलीत येऊन उभा राहिला. तिला ओळखल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती लिंबांची.

केयूर सुर्वे त्याचं नाव. एका कारखान्यात इंजिनियर, घरी फक्त आई. त्याच्या फाइलमधला कागद वाचताना संयोगिताचं हसू हळूहळू विरत गेलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. डाव्या बाजूची काढताना डावा कान गेला होता, आणि आता उजवीकडे तशीच वाढत होती. दिवाळीनंतर मुंबईला ऑपरेशन. नस वाचणार नाही, हे सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं. तोवर उजव्या कानावर लक्ष ठेवायचं, एवढंच संयोगिताकडे आलेलं काम.

तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरून ती एकेक शब्द म्हणू लागली. ऐकू येईल तसा त्याने तो परत म्हणायचा.

“साखर,” ती म्हणाली.

“सासर,” तो म्हणाला, आणि भुवया उंचावून पुढे, “...कुणाचं?”

ही नसेची चूक होती की डोळ्यांतली खोडी, तिला कळेना. तिने कागदावर चूक अशी खूण केली आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबलं.

जाताना त्याने वेगळंच काढलं. गाडी त्याने जुनी घेतली होती, आणि आधीच्या मालकाने मूळचा सायलेन्सर कापून तिथे नुसता सरळ पाइप जोडला होता. पोलिसांनी बजावलं होतं, तो आता बदलायलाच हवा. पण बदलून कोणता बसवायचा हे एका कानाने ठरवता येत नव्हतं. शाळेत असल्यापासून हे आठ सिलिंडरचं इंजिन त्याच्या डोक्यात होतं. ऐकू येतंय तोवर ते एकदा नीट ऐकायचं होतं. तुमचे दोन कान उसने द्याल का, असं त्याने सरळ विचारलं.

मोठ्या आवाजापासून तर तो कान जपायला हवा, असं ती बजावू लागली.

“ज्याला कुणी वाचवणारच नाही, त्याला किती जपायचं?” तो म्हणाला. सहज म्हणाला, जसं कुणी पावसापाण्याबद्दल बोलावं. रविवारी ती गेली.

शहराबाहेर, पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुभानरावांचं गॅरेज होतं. मोटारींपेक्षा मोटारींच्या गप्पांवर त्यांचा जीव अधिक. त्यांनी सायलेन्सरचे तीन संच काढून ठेवले होते, तिन्ही आळीपाळीने गाडीला बसवून देणार होते. पहिला जवळजवळ मोकळा, नुसता गरजणारा. दुसऱ्यात दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एकमेकांना छेदून जात, त्याने आवाजाला धार येई. तिसरा मोठ्या डब्याचा, दबक्या आवाजाचा. तो आपण केवळ नियमाला धरून ठेवलाय, असं सुभानराव नाक मुरडून म्हणाले.

पहिला संच बसला आणि संयोगिता पुढच्या सीटवर बसली. मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं... चालवणारा उजवीकडे, म्हणजे ती त्याच्या डाव्या हाताला. मेलेल्या कानाशी.

“मागे बसू?” तिने खुणेने विचारलं.

मागची सीट कसली, नावाला फळकूट होतं. गुडघे पोटाशी घेऊन ती त्याच्या पाठीमागे बसली आणि खिडकीच्या बाजूने पुढे झुकली. आता तिचे ओठ त्याच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर होते. त्याच्या मानेवर एक बारीक तीळ होता. तो तिने पाहिला आणि लगेच बाहेर बघू लागली.

पहिल्या संचाने छातीत ढोल वाजवले. केयूर लहान मुलासारखा हसत होता आणि ती जे सांगत होती त्यातलं अक्षरही त्याला कळत नव्हतं. दुसरा सुरेख होता — वेग घेताना आवाज असा चढत जायचा की संयोगिताच्या हातावर काटा आला. पण एका लयीत गाडी चालली की मागे नुसती घरघर कोंडायची. मध्येच एक सर आली, काचेवर थेंब तडतडले, ओल्या मातीचा वास आत शिरला. “पाऊस वाजतोय,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. त्याने मानेनेच विचारलं — काय? ती पुन्हा म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं.

तिसरा संच लावला तेव्हा सर ओसरली होती. उभ्या गाडीत इंजिन खोल कुठेतरी गुरगुरत होतं, आणि धावताना तो गुरगुराट रस्त्यावर मागे सांडत जात होता. गाडीच्या आत तिचा आवाज उरत होता. ती बोलत राहिली. शेतांबद्दल, आईच्या हट्टांबद्दल, काहीही. बोलता बोलता “तुम्ही”चं “तू” झालं ते तिला कळलंच नाही. त्याला कळलं. त्याने गाडीचा वेग कमी केला.

गॅरेजात परतल्यावर त्याने तिसऱ्या संचावर हात ठेवला. सुभानराव हिरमुसले. हेच ऐकायचं होतं तर मस्टँग कशाला घ्यायची, असं त्यांनी विचारलंच.

“काका,” केयूर म्हणाला, “मागच्या सीटवरचं ऐकू यायला हवं.”

आणि मग तो सुभानरावांकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतरचे रविवार पादऱ्याच्या रस्त्यावर गेले. ती मागे, तो पुढे. तो म्हणायचा, बोल. ती विचारायची, काय बोलू? — काहीही बोल, थांबू नकोस. दुकानांच्या पाट्या वाचून दाखव, भांडण कर. ती बोलबोल बोलायची आणि घरी येऊन घसा बसल्याचं आईला काहीतरी कारण द्यायची. मधल्या वारी तो दवाखान्यात यायचा, पुठ्ठ्यामागून ती शब्द म्हणायची, आणि कागदावरची रेघ दर खेपेला थोडी आणखी खाली उतरायची. सुरुवातीला तो चुकलेल्या शब्दांवर कोट्या करी. मग कोट्या थांबल्या. दिवाळीतल्या तपासणीत तिने शब्दामागून शब्द म्हटले आणि तो नुसता तिच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. परत म्हण, असंही त्याने म्हटलं नाही. पुठ्ठ्याआड संयोगिताचे डोळे भरून आले. कितीतरी लोकांना तिने आजवर समजावलं होतं, धीर दिला होता. त्यातलं एकही वाक्य आता तिला उपयोगी पडेना.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली थांबवली आणि इंजिन बंद केलं.

“तू मुंबईला येऊ नकोस,” तो म्हणाला. “नंतरही नको.”

ती भांडली. अशा माणसांबरोबर कसं जगायचं हे मला शिकवायला नको, म्हणाली. लिहून बोलू, ओठ वाचायला शिकू, म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं, जेवढं येत होतं तेवढं.

“दिवसभर तू हेच करतेस, संयोगिता. घरी येऊनही तेच?” तो थांबला. “आणि तू कीव म्हणून बोलतेस की आणखी कशासाठी, हे आत्ता मला तुझ्या आवाजावरून कळतं. नंतर नाही कळणार.”

ती पुढे झुकली. गाल त्याच्या कानाला टेकवून अगदी हळू म्हणाली, “मला तू हवा आहेस. ऐकतोस तेवढाच नाही... सगळा.”

त्याने डोळे मिटले. “ऐकलं,” म्हणाला.

आदल्या दिवशीचा कागद तिच्या डोळ्यांसमोर होता. इतक्या हळू बोललेलं त्याच्या कानापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तिने गाल तसाच टेकवून ठेवला.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, जीव वाचला, बाकी ठरल्याप्रमाणे झालं — हे तिला त्याच्या आईने, पद्माताईंनी फोनवर सांगितलं. तो मात्र तिच्या एकाही मेसेजला उत्तर देईना. बडोद्याला परत आल्यावरही नाही. थंडी पडली, पतंगांचे दिवस जवळ आले, आणि एका दुपारी पद्माताईंचाच फोन आला. गाडी विकतोय, आणंदहून माणूस येणार आहे. इंजिन ठीक वाजतंय का ते सांगायला कुणीतरी हवं. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. तो तुला बोलवायला नाही म्हणतोय, मीच बोलावतेय, म्हणाल्या.

संयोगिता गेली तेव्हा केयूर कंपाउंडच्या भिंतीला हात लावून उभा होता. त्या नसेबरोबर तोलही गेला होता; पाऊल टाकताना तो मद्यप्यासारखा झुकत होता. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं.

“आई, हिला कशाला बोलावलंस!” तो म्हणाला, इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. पद्माताईंनी हाताने हळू, हळू अशी खूण केली. स्वतःचा आवाज किती चढतो हे त्याला समजत नव्हतं. तो शरमला.

आणंदचा माणूस आला. संयोगिताने चावी फिरवली, आणि तो खोल गुरगुराट कंपाउंडभर पसरला. केयूर गाडीकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, तिथेच काय ते दिसणार होतं. तिने चेहरा सांभाळला. मान डोलावली, छान आहे म्हणून हसलीसुद्धा. व्यवहार उरकला, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत राहिली. पद्माताईंना आणि तिला. त्याला नाही.

“थँक यू,” तो तिला म्हणाला, या खेपेला आवाज जपून, जवळजवळ कुजबुजत. “आता जा.”

ती उभी राहिली. त्याने पुन्हा हाताने रस्ता दाखवला, परक्या माणसाला दाखवावा तसा. इतके महिने धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या आत सुटलं. किती वेळा दार वाजवायचं एका माणसाने? तिने पर्स खांद्याला लावली, पद्माताईंना नमस्कार केला आणि पाठ फिरवून चालू लागली.

ती फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

“जाऊ नकोस ना गं...”

त्याने ते मनातल्या मनात म्हटलं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं. पण ते सगळ्या कंपाउंडमध्ये घुमलं. वरच्या खिडकीत शेजारीण थबकली, पद्माताईंनी पदर तोंडाशी नेला.

संयोगिता वळली. तो भिंतीला धरून उभा होता आणि ती का वळली हे न कळून घाबऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे, मग आईकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत होता. ती चालत परत आली आणि तिचे ओठ त्याला दिसतील अशी समोर उभी राहिली.

“तुला... ऐकू आलं?” त्याने तसंच मोठ्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. मग खांद्यावरची पर्स उतरवून भिंतीवर ठेवली.